चिकनच्या कुर्त्याला घामाच्या डागांपासून संरक्षण

लखनौतील गोमतीनगरसारख्या वसाहतींत मे-जूनच्या उकाड्यात पांढरा चिकनचा कुर्ता सोयीचा ठरतो. मात्र घामाचे पिवळे डागही पांढऱ्या कापडावरच, आणि तेही काखेत, सर्वांत आधी उठून दिसतात. २००८ मध्ये भौगोलिक निर्देशांक लाभलेल्या या हस्तकलेत छापील नक्षीवर हाताने भरतकाम केले जाते. धागे सरकवून साधलेल्या नाजूक जाळीला डाग घासून काढण्याचा जोर सोसत नाही.

घाम मुळात रंगहीन असतो. काखेतील स्रावातले घटक आणि घामरोधकांतील ॲल्युमिनियमचे क्षार यांच्या संयोगाने कापडावर पिवळेपणा येतो. क्लोरीनयुक्त ब्लीचने तो अनेकदा अधिकच गडद होतो.

त्यामुळे घाम कापडापर्यंत पोहोचूच न देणे श्रेयस्कर. रेशमी पोशाख वारंवार धुता येत नसल्याने १९व्या शतकात पाश्चात्त्य देशांतील स्त्रिया काखेत अर्धचंद्राकृती पट्ट्या टाचून घेत. त्यांतील रबरी पट्ट्या ओल अडवत, पण हवाही कोंडत. आपल्याकडे ब्लाउजच्या काखेत शिंपी लावतात ते सुती पॅड याच जातीचे.

चिकनच्या कुर्त्यासाठी दुपदरी सुती पट्टी मुंढ्याच्या शिवणीला, भरतकाम टाळून, सैल टाक्यांनी आतून टाचावी. चिकट पट्टी वापरण्यास सोपी असली, तरी तिचा डिंक तलम कापडावर राहू शकतो. टाचलेली पट्टी मात्र वापरानंतर उसवून धुवावी लागते. हे काम थोडे कंटाळवाणे असले, तरी कुर्ता घासण्यापेक्षा हलकेच.