मुदत, दंड आणि संदर्भासह स्पष्टीकरण : बांधकामाच्या वकिलाचे काम

वाङ्मयाच्या अध्यापकाने बांधकामाच्या कंत्राटांविषयी बोलावे, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. परंतु आपल्या बडोद्यात १८९० मध्ये कलाभवन उभे राहिले आणि १९३१ मध्ये ‘श्री सयाजी शासन शब्दकल्पतरू’ हा राज्यकारभाराच्या परिभाषेचा कोशही सिद्ध झाला. रचनेचे शास्त्र आणि कायद्याचा शब्द, या दोहोंच्या सांध्यावर बांधकाम-कायद्याचा वकील उभा असतो. या शाळेचे कितीतरी माजी विद्यार्थी अभियंते व कंत्राटदार झाले; त्यांच्याशी या विषयाचा संबंध निकटचा आहे.

वकील म्हणजे न्यायालयातील वक्तृत्व, असा समज आपल्याकडे रूढ आहे. या क्षेत्रातील मुरलेल्या वकिलाचे बहुतेक काम वाचनाचे असते. माझा एक जुना विद्यार्थी या व्यवसायात आहे. पक्षकार आला की तो आधी कंत्राट, साइटवरची नोंदवही, मोजमापवही आणि पत्रव्यवहार मागवितो आणि सारे तारीखवार लावतो. जागा ताब्यात कधी आली, नकाशे कधी मिळाले, काम कोणत्या दिवशी व कोणामुळे थांबले, हे कागदांवरून पाहतो; पक्षकाराची हकीकत त्यानंतर. शाळेतील ‘संदर्भासह स्पष्टीकरण’ पुढे पोटापाण्याला उपयोगी पडले, असे तो म्हणतो. सेवानिवृत्तीनंतर मिळालेले हे प्रशस्तिपत्र मी जपून ठेवले आहे.

त्याच्या म्हणण्यातील तथ्य एका प्रत्यक्ष निवाड्यावरून ध्यानी येईल. नाशिक परिसरात आळंदी नदीवर कालव्याचा जलसेतू बांधण्याचे काम १९५५ मध्ये सरकारने हिंद कन्स्ट्रक्शन कॉन्ट्रॅक्टर्स यांना दिले. मुदत बारा महिन्यांची होती. ती टळली, आणि १९५६ च्या ऑगस्टमध्ये सरकारने कंत्राट रद्द केले. मुदत हे कराराचे सारभूत अंग समजावे, असे शब्द कंत्राटात स्पष्ट होते. एवढेच वाचले तर कंत्राटदाराची बाजू संपलीच! परंतु सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये ते वाक्य सुटे वाचले नाही. विलंबाच्या दिवसागणिक भरपाई आकारण्याचे कलम त्याच कंत्राटात होते आणि मुदतवाढीचेही होते. ज्याने उशिराची किंमत आधीच ठरविली आणि मुदत वाढवून देण्याची सोयही ठेवली, त्याला मुदत टळताच सारा करार मोडता येईल, असा अर्थ त्या कलमांशी जुळेना. नोटीस देऊन नवी, वाजवी मुदत ठरविण्याचा मार्ग सरकारला खुला होता; तो अनुसरला गेला नव्हता. कंत्राट रद्द करणे गैर ठरले. बारा महिन्यांच्या कामाचा निकाल लागण्यास तेवीस वर्षे लागली, हेही विसरता येत नाही.

याचा अर्थ मुदत कधीच सारभूत नसते, असा कोणी घेऊ नये. प्रत्येक कंत्राट निराळे असते. दंडाविषयीही असाच गैरसमज आहे. करारात लिहिलेला आकडा आपोआप वसूल होतो, असे मालकाला वाटते. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या ७४ व्या कलमानुसार मिळते ती वाजवी भरपाई. लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा होय.

कंत्राटदारांचे अधिक नुकसान होते ते ५५ व्या कलमापाशी. जिथे मुदत सारभूत असते, तिथे समोरच्याने ती चुकविल्यावरही त्याचे उशिराचे पालन आपण स्वीकारले, तर त्या विलंबाची भरपाई मागता येत नाही. स्वीकारतेवेळीच तसा इरादा कळविला असेल, तरच हक्क शाबूत राहतो. जागा सहा महिने उशिरा मिळाली, कंत्राटदाराने मुकाट्याने काम सुरू केले, भाडे भरून आणलेली यंत्रे पडून राहिली. पुढे तो लवादापुढे भरपाई मागतो आणि विरुद्ध पक्ष विचारतो, त्या वेळचे पत्र कोठे आहे? माझा विद्यार्थीही पक्षकाराला पहिल्या बैठकीत हेच विचारतो. पुष्कळदा उत्तर येते, “साहेब ओळखीचे होते, पत्र कशाला लिहायचे?” आणि त्या साहेबांची बदली होऊन दोन वर्षे झालेली असतात.