जंगूबाईची लेकरे आणि मेश्रामांच्या सुना

पौष अमावास्येच्या रात्री तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्यात, इंद्रवेल्ली मंडलातील केसलापूर गावी, नागोबाची महापूजा होते. गोदावरीचे पाणी पायी वाहून आणलेले असते. पूजेनंतर मेश्राम कुळात नव्याने आलेल्या सुना पांढरी साडी नेसून, पदराने चेहरा झाकून देवासमोर येतात आणि कुळातील वडीलधाऱ्या स्त्रिया त्यांची नागोबाशी ओळख करून देतात. या विधीला ‘भेटिंग’ म्हणतात. तो होईपर्यंत लग्न झालेले असूनही सुनेला कुळाच्या देवपूजेत स्थान नसते.

हा विधी ज्या राजगोंड समाजाचा आहे, त्याच्या महाकथेची सुरुवात मात्र दोन मातांपासून होते. गोंडांचे हे अभिजात वाङ्मय ग्रंथांत बांधलेले नव्हते. ते परधान भाटांच्या कंठी राहिले. हे भाट कुळाकुळाशी वंशपरंपरेने जोडलेले असून, ‘किकरी’ या तंतुवाद्याच्या साथीने ते यजमान कुळाची कथा गोंडीतून गातात. त्यांच्यापैकी अनेकांची घरची बोली मराठी आहे. आदिलाबादच्या सीमेला यवतमाळ, चंद्रपूर आणि नांदेड हे जिल्हे लागून असल्याने याचे नवल वाटू नये. मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ यांनी १९४०च्या दशकात मारलवाई येथे राहून या कथा टिपून घेतल्या. ‘द राज गोंड्स ऑफ आदिलाबाद’ हा त्यांचा ग्रंथ १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला.

या कथेचे पाठभेद अनेक आहेत. तिचा गाभा असा. काली कंकालीच्या पोटी गोंडांचे आदिपुरुष जन्मले आणि आईपासून दुरावले. रायतार जंगूबाईने त्यांचा सांभाळ केला. पुढे शंभू महादेवाने त्यांना गुहेत कोंडले. पहांदी कुपार लिंगल या वीराने त्यांची सुटका केली आणि त्यांची चार गटांत विभागणी केली. सात भावांचे, सहा भावांचे, पाच भावांचे आणि चार भावांचे असे हे चार ‘सगा’ होत. आजही एकाच सगामध्ये विवाह होत नाही. केसलापूरचे मेश्राम हे सात भावांच्या सगातील.

या कथेतील कामाची वाटणी लक्षात घेण्याजोगी आहे. जन्म देणारी स्त्री आहे आणि वाढवणारीही स्त्रीच. बंधनातून सोडवणारा, कुळ ठरवून देणारा आणि धर्म सांगणारा मात्र पुरुष आहे. मातेने जीव दिला. नाव आणि नियम पुरुषाने दिले. जगातील अनेक महाकाव्यांत ही मांडणी आढळते. महाभारतात कुंती पुत्रांना वाढवते, तरी वंश पंडूचाच म्हटला जातो.

तरीही एवढ्यावर निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. लिंगलाने घालून दिलेली रचना चालते ती सुनांच्या पावलांवर. एका सगातील मुलगी दुसऱ्या सगात गेल्याशिवाय या समाजात घर उभे राहत नाही. म्हणून भेटिंगच्या रात्री पदराआड उभी असलेली नववधू एकाच वेळी परकी असते आणि अपरिहार्यही. तिला देवापुढे नेण्याचे काम स्त्रियांकडे आहे, हेही लक्षणीय आहे. काही वर्षांपूर्वी स्वतः त्याच जागी उभ्या राहिलेल्या सुनाच आज नव्या सुनेचा हात धरतात. जंगूबाईचेही तसेच. कथेत तिने कोणाला कुळ दिले नाही. पण पूर्वीच्या आदिलाबाद जिल्ह्यात असलेल्या, २०१६च्या विभाजनानंतर कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात गेलेल्या तिच्या गुहेशी पौषात अनेक कुळांचे भाविक जमतात.

प्रयोगातील चित्र आणखी वेगळे आहे. महाकथा गाणारे परधान पुरुष असतात. दिवाळीच्या सुमारास गावोगाव फिरणाऱ्या दंडारीत मोरपिसांचा मुकुट घातलेले गुसाडी पुरुष असतात आणि त्यांच्यासोबतच्या स्त्रीवेषधारी ‘पोरिक’ही मुलगेच. म्हणजे जंगूबाईचे दुःख पुरुषाच्या आवाजात ऐकू येते आणि स्त्रीचे नृत्य पुरुषाच्या अंगाने दिसते. बालगंधर्वांच्या रंगभूमीवर वाढलेल्या मराठी रसिकाला यात अनोळखी काही नाही.

गोमंतकीय वाचकाला मात्र याच पौष महिन्यातली दुसरी बाजू ठाऊक आहे. आपल्याकडे मांडावर धालो होतात. तिथे गाणाऱ्या आणि नाचणाऱ्या स्त्रियाच असतात. पुरुषांना त्यात सहभाग नसतो. जात्यावरच्या ओव्यांतही स्त्रियांनी सीतेचा वनवास आपल्या शब्दांत गायिला. वाल्मीकींची सीता आणि ओवीतली सीता एकच, तरी ओवीतल्या सीतेच्या वाट्याला आलेल्या अन्यायाची जाणीव अधिक धारदार आहे. गाणारा बदलला की पात्राचा स्वभाव बदलतो, एवढे तरी यावरून स्पष्ट व्हावे.

अभिजात साहित्यातील स्त्रीची चर्चा करताना आपण बहुधा पात्राचे वर्तन तपासतो. ती सोशिक आहे की बंडखोर, एवढाच प्रश्न विचारतो. आदिलाबादची महाकथा आणखी दोन प्रश्न विचारायला लावते. ही कथा कोण गातो? आणि तिच्यातील नियम प्रत्यक्षात कोणाच्या आयुष्यातून चालतात? पहिल्याचे उत्तर परधान पुरुष, दुसऱ्याचे मेश्रामांची सून. या दोघांच्या मध्ये जंगूबाई उभी आहे.

मौखिक वाङ्मय ग्रंथात उतरते तेव्हा ज्याचा आवाज टिपला गेला त्याचाच पाठ पुढे प्रमाण ठरतो. भाटाची कथा नोंदली गेली, हे मोठेच काम झाले. पण भेटिंगच्या रात्री सुनेला पुढे नेणाऱ्या स्त्रिया जंगूबाईविषयी आपसांत काय बोलतात, तेही या महाकथेचेच एक पर्व आहे. ते ऐकले गेले नाही, तर गोंडांच्या या आदिमातेची ओळख कायमची अर्धी राहील.