नवजात बालकाच्या रक्ताची दुहेरी परीक्षा

ब्राझीलमधील लासांस या गावी १४ एप्रिल १९०९ रोजी डॉ. कार्लोस शागास यांना दोन वर्षांच्या एका मुलीच्या रक्तात वळवळणारा सूक्ष्म परजीवी आढळला. त्यास त्यांनी आपले गुरू ओस्वाल्दो क्रूझ यांचे नाव दिले. मातीच्या भिंतींच्या फटींत राहणारा, ढेकणाच्या वर्गातील एक मोठा किडा हा रोग पसरवितो. रोग मूळचा अमेरिका खंडातील, आपल्याकडील नव्हे; परंतु त्याची परीक्षा कशी करतात हे शिक्षकबंधुभगिनींनी समजून घेण्याजोगे आहे.

रोगबाधित मातांच्या शंभर अपत्यांपैकी सुमारे पाच अपत्ये गर्भातच बाधित होतात. यांतील बहुतेक बालके जन्मतः निरोगी दिसतात. हृदयविकार मात्र वीस-तीस वर्षांनी प्रकट होऊ शकतो.

मग रक्त तपासावे, हे उघड आहे. परंतु येथेच एक पेच आहे. रोगाशी झुंजण्यासाठी आईच्या शरीरात निर्माण झालेली प्रतिपिंडे वारेतून बालकाच्या रक्तात उतरतात. ती शोधणारी परीक्षा केली तर निरोगी बालकही बाधित ठरेल! म्हणून प्रतिपिंडे न शोधता प्रत्यक्ष परजीवीच शोधावा लागतो. बालकाचे थोडे रक्त केसासारख्या बारीक काचनळ्यांत भरून त्या यंत्रात अतिवेगाने फिरवितात. तांबड्या पेशी तळाशी बसतात, रक्तद्रव वर राहतो, आणि दोहोंमधील पांढुरक्या थरापाशी परजीवी गोळा होतात. तेथे सूक्ष्मदर्शक लावला असता ते हालताना दिसतात.

न दिसले म्हणजे बालक मुक्त, असे मात्र नव्हे. जन्मसमयी त्यांची संख्या फार अल्प असू शकते. आठ-दहा महिन्यांनी आईची प्रतिपिंडे नाहीशी झाल्यावर पुन्हा रक्त तपासावे लागते. त्या वेळी प्रतिपिंडे आढळली तर ती बालकाचीच. खरी अडचण प्रयोगशाळेची नसून या दुसऱ्या खेपेची आहे. अनेक बालके परत आणलीच जात नाहीत. पटावरील नाव आणि वर्गातील मूल यांतील अंतर शिक्षकांस निराळे सांगावयास नको. पहिल्या वर्षात औषध मिळाल्यास शंभरांतील नव्वदांहून अधिक बालके पूर्ण बरी होतात. पुढे हे प्रमाण घटत जाते.

अर्जेंटिनाने २००७ च्या कायद्याने गर्भवतींची व बाधित मातांच्या नवजात बालकांची तपासणी सक्तीची केली. त्याच कायद्यात सहाव्या व बाराव्या वर्षीच्या तपासणीचीही तरतूद आहे. पाळण्यात निसटलेले मूल शाळेच्या वयात तरी सापडावे, अशी ही योजना दिसते.