पाळी लांबली, टेस्ट निगेटिव्ह: मग अर्थ काय?

सबमिशन, जागरणं, टेन्शन. त्यात पाळी लांबली की मनात पहिली शंका गरोदरपणाची येते. टेस्ट निगेटिव्ह आली तरी धाकधूक जात नाही. का, ते बघूया.

घरची टेस्ट लघवीतलं एचसीजी हे संप्रेरक शोधते. गर्भ रुजल्यावरच ते लघवीत सापडतं आणि रुजायला स्त्रीबीज सुटल्यापासून साधारण ६ ते १२ दिवस लागतात. समजा, ताणामुळे बीज १४ ऐवजी २४व्या दिवशी सुटलं आणि तुम्ही ३०व्या दिवशी टेस्ट केलीत. कॅलेंडरप्रमाणे पाळी चुकली, पण टेस्टला सापडावं असं अजून काहीच नाही!

म्हणून पाळी अनियमित असेल तर शेवटच्या असुरक्षित संबंधापासून २१ दिवस मोजा, मग टेस्ट करा. तेव्हाही निगेटिव्ह आली तर गरोदरपणाची शक्यता फारच कमी. तरी तीन महिने पाळी आली नाही, तर थायरॉइड, पीसीओएस तपासून घ्या. मध्येच पोटात जोरात दुखलं तर मात्र थांबू नका, लगेच डॉक्टरांकडे जा.

संशोधनातही हेच: ‘सापडलं नाही’ म्हणजे ‘नाहीच’ असं नव्हे. आधी विचारा, मोजलं कधी?