घराची देवडी : राहाता भागांतील प्रवेशद्वाराची रचना, सजावट व व्यवस्था

जुन्या दप्तरांच्या शोधांत असणारे आपण बहुतेक जण वाड्याच्या दरवाजांतून आंत जातों, माजघरांतील पेटी उघडवितों, रुमाल सोडतों आणि कागद वाचूं लागतों. ज्या दारांतून आपण आंत आलों त्याकडे मात्र क्वचितच लक्ष देतों. वस्तुतः दार व देवडी हेंहि इतिहासाचें एक साधनच होय. गोदावरी व प्रवरा या दोन नद्यांमधील प्रदेशांत, राहाता व त्याच्या आसपास, घराचा प्रवेशभाग कसा रचीत, कसा सजवीत, तेथें कोणती वस्तु कोठें ठेवीत, आणि कागदांचा अर्थ लावण्याचे कामीं त्याचा उपयोग काय, एवढ्याच गोष्टींचा विचार प्रस्तुत लेखांत आम्ही करणार आहों.

१. शब्द. — 'दार' हा शब्द संस्कृत 'द्वार' यापासून आलेला, तर 'दरवाजा' हा फारसी. शिवकाळांत राज्यव्यवहारकोशानें फारसी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द दिले. तथापि घराच्या तोंडाशीं दोन्ही भाषा शेजारीं शेजारीं नांदत राहिल्या. 'देवडी' हा हिंदींतील 'ड्योढी'चा सोबती असून त्याचें मूळ 'देहली' या संस्कृत शब्दांत आहे. 'ढेळज' याचें नातें फारसी 'दहलीज' या शब्दाशीं जोडतात. 'चौकट' म्हणजे चार काष्ठांची जुळणी. 'उंबरठा' हा शब्द विशेष लक्षांत घेण्यासारखा आहे. संस्कृतांत 'उदुंबर' हें नांव वृक्षाप्रमाणेंच दाराच्या तळच्या आडव्या लांकडासहि आहे, व वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत वास्तुविचाराच्या ओघांत तें त्या अर्थानें आलें आहे. 'दिंडी' म्हणजे मोठ्या दरवाजाच्या फळींत ठेवलेलें लहान दार; मोठा दरवाजा बंद असतां माणसानें वांकून त्यांतून आंत यावयाचें.

२. रचना. — हा मुलूख पर्जन्यछायेंतील. त्यामुळें येथील जुनीं घरें बहुधा पांढऱ्या मातीच्या जाड भिंतींचीं व वर माळवद असलेलीं असत. भिंत मातीची, पण चौकट सागवानी. आणि साग या माळावर होत नसल्यामुळें तो बाहेरून आणावा लागे. घराच्या धन्याचा पैसा व सुताराचें कौशल्य हीं दोन्ही म्हणूनच दाराशीं एकवटलेलीं दिसतात.

बाहेरून आंत येतांना क्रम असा : प्रथम ओटा, मग पायरी, उंबरठा, त्यानंतर देवडी आणि शेवटीं चौक. सधन वाड्यांत देवडीच्या दोन्ही अंगांस उंच कट्टे असत. त्यांवर पहारेकरी बसे. दाराच्या आंतल्या बाजूस भिंतींत दोन खांचा ठेवीत व त्यांतून अडसर सरकवीत. अडसर नाहींसा झाला तरी खांचा राहतात, आणि त्यांवरून दाराच्या बंदोबस्ताची कल्पना येते. पुण्याच्या शनिवारवाड्याचा दिल्लीदरवाजा ही या रचनेची राजकीय पायरी होय. त्या वाड्याचा पाया १७३० सालीं घातला गेला व वास्तुशांति १७३२ सालीं झाली. १८२८ च्या आगींत आंतील इमारती जळाल्या, परंतु अणकुचीदार खिळ्यांचा तो दरवाजा आजहि उभा आहे. लहान गांवच्या वाड्यांत तीच कल्पना आटोपशीर रूपानें उतरलेली असते.

३. सजावट. — ही तीन प्रकारची मानावी : कायमची, रोजची व सणाची.

कायमच्या सजावटींत गणेशपट्टी मुख्य. देवालयाच्या द्वारावर मधोमध जें ललाटबिंब असतें त्याचीच ही घरगुती प्रतिमा. बाजूच्या उभ्या लांकडांवर वेलबुट्टी, कमळें, क्वचित् पोपट वा मोर कोरीत. ह्या देवळांतील द्वारशाखाच होत. आंतल्या भिंतींवर भालदार-चोपदारांचीं अगर हत्तींचीं चित्रें रंगविण्याची रीतहि महाराष्ट्रांत बरीच होती. ज्यास खरे चोपदार ठेवण्याचें सामर्थ्य नसे, त्याच्या दाराशीं रंगांतले चोपदार उभे राहत.

रोजची सजावट बायकांच्या हातची : शेणाचा सडा, रांगोळी, उंबरठ्यास हळदकुंकू. ती रोज पुसली जाते व रोज पुन्हां घातली जाते; म्हणून तिचा लेखी पुरावा अगदीं थोडा मिळतो.

सणाच्या सजावटींत पाडव्यास व दसऱ्यास आंब्याच्या डहाळ्यांचें व झेंडूचें तोरण, आणि गौरी येतांना उंबरठ्यापासून आंतपर्यंत काढलेलीं पाउलें. झेंडूविषयीं स्थानिक महत्त्वाची एक नोंद आहे. गोविंद रघुनाथ दाभोलकर यांच्या श्रीसाईसच्चरितांत, साईबाबांनीं राहात्याहून झेंडू, जाई व जुई यांचीं रोपें शिरडीस आणून लावल्याचें सांगितलें आहे. त्यावरून राहात्यास फुलझाडांची लागवड तेव्हां होती हें उघड होतें.

त्याच ग्रंथांत दुसरीहि एक नोंद आहे. बाबा राहात्यास खुशालचंदांकडे येत, तेव्हां गांवकरी वाजंत्र्यांसह वेशीपर्यंत सामोरे जात, थाटानें त्यांस गांवांत आणीत, व मग खुशालचंद त्यांस घरीं नेऊन आसनावर बसवीत. वेस, घराचें दार आणि आसन या क्रमानें मान वाढत जातो. वेस ही गांवाची देवडी, आणि देवडी ही घराची वेस.

४. व्यवस्था. — देवडींत वस्तूंची जागा ठरलेली असे. जोडे उंबरठ्याबाहेर, पाय धुण्याचें पाणी ओट्याजवळ, काठी व घोंगडें कोपऱ्यांत, पागोटें व शस्त्र खुंटीवर. दिव्यास दाराजवळ कोनाडा असे. त्याच्या माथ्यावरील काजळीवरून तो दिव्याचाच होता हें ओळखतां येतें. ज्याच्याकडे वतनाचें अगर सावकारीचें काम असे, त्याचा कारकून देवडीलगतच्या ढेळजेंत बसे. दौत, कलमदान व चालू सालचे रुमाल त्याच्या हाताशीं. जुने रुमाल मात्र आंत माळ्यावर जात. दप्तर शोधणारानें केवळ माळा पाहून परतूं नये. ढेळजेंतील भिंतींतलीं कपाटें व फडताळें हींहि पाहावीं.

५. कागदांशीं संबंध. — जुन्या पत्राच्या माथ्यावर 'श्री' असतो, खालीं ज्याच्या त्याच्या योग्यतेप्रमाणें मायना, आणि मग मजकूर. घराचेंहि तसेंच आहे : गणेशपट्टी हा त्याचा श्री, देवडी हा मायना, व चौकापलीकडे मजकूर. कोणास ओट्यावर थांबवावें, कोणास देवडींत बसवावें आणि कोणास आंत न्यावें, यावरून त्या माणसाची पायरी ठरे. यांत जातिभेदाची कठोर बाजूहि होती. कित्येकांस ओट्याच्या खालींच उभें राहावें लागे, ही गोष्ट सजावटीच्या कौतुकांत झांकली जातां कामा नये.

दुसरा उपयोग व्यवहाराचा. घराच्या खरेदीखतांत चतुःसीमा व खणांची संख्या लिहीत. खण म्हणजे दोन खांबांमधील अंतर. वांटणीपत्रांत खोल्या वांटल्या तरी दरवाजा, देवडी व विहीर हीं बहुधा समाईक ठेवीत. अशा वेळीं दाराची दिशा व देवडीचे खण प्रत्यक्ष जागेवर ताडून पाहिल्यास कागद कोणत्या घराचा याचा निर्णय होतो.

६. विनंती. — अहमदनगर, म्हणजे २०२४ पासूनचा अहिल्यानगर, जिल्ह्यांत जुनीं घरें उतरवून सिमेंटचीं बांधण्याचें काम झपाट्यानें चालूं आहे. घर पाडतांना माती मातीस मिळते, कागद रद्दींत जातात, आणि चौकट तेवढी विकत घेतली जाते. पुण्यास दिनकर केळकर यांनीं उभारलेल्या संग्रहालयांत कोरीव दरवाजे जतन झाले, हें मोठेंच कार्य. परंतु चौकट कोणत्या गांवच्या, कोणत्या आळींतील, कोणत्या दिशेस तोंड असलेल्या घराची, हें लिहून न ठेवल्यास ती मुद्रा फाटलेल्या पत्रासारखी मुकी होते.

म्हणून संग्राहकांस आमची सूचना अशी. चौकट हलविण्यापूर्वीं तिचें छायाचित्र घ्यावें. उंची, रुंदी, दिशा, देवडीचे खण, कोनाडे, खुंट्या व अडसराच्या खांचा यांची नोंद करावी. पट्टीवर अक्षरें किंवा शक असल्यास त्याचा ठसा घ्यावा. आणि त्या घरचे कागद मिळाले तर त्यांच्या रुमालांत ही नोंद बांधावी. या कामास एक दिवस पुरतो. घर पाडल्यावर मात्र वर्षभर खटपट करूनहि तें साधणार नाहीं.