डीओ व्हायचं तर काय लागतं?

ऑक्टोबर २०२० मध्ये राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांना कोविड झाला आणि त्यांना वॉल्टर रीड रुग्णालयात हलवलं. त्यांचे डॉक्टर शॉन कॉन्ली कॅमेऱ्यांसमोर येऊन त्यांच्या तब्येतीची माहिती देऊ लागले. नौदलातले हे डॉक्टर आपत्कालीन वैद्यकातले तज्ज्ञ होते, पण त्यांच्या नावापुढे एम.डी. नव्हतं, डी.ओ. म्हणजे ‘डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन’ होतं. हे खरे डॉक्टर आहेत का, असा प्रश्न तेव्हा खुद्द अमेरिकेतही कितीतरी लोकांनी विचारला. त्यानंतर जो बायडन यांचे डॉक्टर झालेले केव्हिन ओ'कॉनर डीओ होते. २०२५ मध्ये ट्रम्प यांच्यासाठी नेमलेले शॉन बार्बाबेला हेही डीओच.

म्हणजे व्हाइट हाउसमध्ये डीओ डॉक्टर एकामागून एक येत राहिले, तरी अमेरिकेतल्या मराठी घरांत मात्र या पदवीबद्दल अजूनही दबक्या आवाजात बोललं जातं. मुलीचे एमकॅट या प्रवेश परीक्षेचे गुण थोडे कमी पडले की कुणीतरी सुचवतं, ‘एमडी नाही तर डीओ बघा, तिथे काय, सहज मिळतं.’ या एका वाक्यात तीन-चार गैरसमज आहेत आणि त्यांपायी चांगल्या मुलांचं एखादं वर्ष वाया जातं.

पहिला आणि सर्वांत जुना गैरसमज असा, की डीओ म्हणजे हाडं बसवणारे, मालीश करणारे. त्याला कारणंही आहेत. या पदवीचे जनक अँड्र्यू टेलर स्टिल हे १८२८ साली जन्मलेले, यादवी युद्धात काम केलेले डॉक्टर. १८६४ मध्ये मेनिंजायटिसने त्यांची तीन मुलं दगावली. पाऱ्याची औषधं देणं आणि रक्त काढणं हेच तेव्हाचे सर्रास चालणारे उपचार होते. त्यांवरचा स्टिल यांचा विश्वास पार उडाला. शरीराची रचना आणि तिचं काम यांचा जवळचा संबंध आहे, हातांनी तपासून आणि हातांनीच उपचार करून शरीराला बरं व्हायला मदत करता येते, अशी त्यांची मांडणी होती. हीच ऑस्टिओपॅथी. १८९२ मध्ये त्यांनी मिझुरी राज्यातल्या कर्क्सव्हिल या गावात कॉलेज सुरू केलं. पहिल्याच तुकडीत स्त्रियांनाही प्रवेश होता. त्या काळात ही गोष्ट साधी नव्हती.

स्टिल औषधांच्या विरोधात होते, पण त्यांनी सुरू केलेली पदवी तिथेच थांबली नाही. विसाव्या शतकात डीओ कॉलेजांनी औषधशास्त्र, शस्त्रक्रिया, प्रसूतिशास्त्र सगळं अभ्यासक्रमात घेतलं. तरी मान्यता मिळवायला बराच झगडा करावा लागला. १९६२ मध्ये कॅलिफोर्नियात एक अजब तडजोड झाली. तिथल्या सुमारे दोन हजार डीओंना ६५ डॉलर भरून एमडी पदवी घेण्याची मुभा मिळाली आणि नव्या डीओंना परवाना देणं बंद झालं. लॉस एंजेलिसमधलं त्यांचं कॉलेज एमडी कॉलेज बनलं. आजच्या अर्व्हाइन इथल्या विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाचं मूळ तेच. १९७४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने डीओंना तिथे पुन्हा परवाने मिळू लागले. त्याआधी १९६६ मध्ये संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅकनमारा यांनी लष्कराच्या वैद्यकीय सेवेत डीओंना एमडींच्या बरोबरीने घेण्याचा आदेश दिला होता, आणि १९७३ मध्ये मिसिसिपी राज्यानेही परवानगी दिली. कॅलिफोर्नियाच्या निकालानंतर पन्नासही राज्यांत डीओंना पूर्ण वैद्यकीय अधिकार मिळाले. औषध लिहिणं, शस्त्रक्रिया करणं, अतिदक्षता विभाग सांभाळणं, यांपैकी कशालाही त्यांना मज्जाव नाही. अमेरिकेत आज वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या दर चार विद्यार्थ्यांपैकी एक डीओ कॉलेजात शिकतो.

गोंधळ वाढवणारी गोष्ट अशी, की ब्रिटन, युरोप आणि ऑस्ट्रेलियात ऑस्टिओपॅथ हा वेगळाच व्यवसाय आहे. तिथले ऑस्टिओपॅथ हाताने उपचार करतात, पण औषध लिहीत नाहीत की ऑपरेशन करत नाहीत. भारतातही फिजिओथेरपिस्टांसाठी ऑस्टिओपॅथीचे अर्धवेळ अभ्यासक्रम चालतात. त्यात आपल्याकडे डी.ओ. ही अक्षरं नेत्रविकाराच्या पदविकेसाठी वर्षानुवर्षं वापरली गेली. त्यामुळे पुण्यातल्या मामांना आणि न्यू जर्सीतल्या भाचीला एकच पदवी वेगवेगळी दिसते, यात नवल नाही. अमेरिकेतला डीओ चार वर्षांचं पूर्ण वैद्यकीय शिक्षण घेतो आणि त्याखेरीज हातांनी करायच्या उपचारांचे सुमारे २०० तास वेगळे शिकतो. या तासांना विद्यार्थी एकमेकांच्या अंगावरच सराव करतात. म्हणूनच प्रवेश देताना विद्यार्थ्याच्या शारीरिक क्षमतेबद्दल कॉलेजांच्या ज्या अटी असतात, त्यांत दुसऱ्याला हात लावून तपासणं आणि दुसऱ्याला आपल्याला तपासू देणं हेही येतं. संकोच वाटणाऱ्या मुलांनी ते आधी वाचलेलं बरं.

‘पुढे फक्त फॅमिली डॉक्टरच होता येतं’ ही भीतीही जुनीच. २०२० पर्यंत डीओंच्या रेसिडेन्सीच्या, म्हणजे पदवीनंतरच्या प्रशिक्षणाच्या, काही जागांची मान्यता वेगळी होती. ३० जून २०२० रोजी दोन्ही व्यवस्था एक झाल्या आणि तेव्हापासून सगळे एकाच रांगेत उभे असतात. २०२४ च्या रेसिडेन्सी मॅचमध्ये अमेरिकी एमडी कॉलेजांच्या शेवटच्या वर्षाच्या ९३.५ टक्के विद्यार्थ्यांना जागा मिळाली, डीओंच्या ९२.३ टक्के. तरीही सगळं समान झालं असं म्हणणं खरं होणार नाही. न्यूरोसर्जरी, प्लास्टिक सर्जरी, त्वचाविकार अशा चुरशीच्या शाखांमध्ये डीओंची वाट आजही अवघड आहे. म्हणूनच कितीतरी डीओ विद्यार्थी त्यांची कॉमलेक्स ही परवाना परीक्षा देतातच, शिवाय एमडी विद्यार्थ्यांची यूएसएमएलईही देतात. न्यूरोसर्जनच व्हायचं असं पक्कं ठरलेलं असेल, तर कॉलेज निवडतानाच हे समजून घ्यायला हवं.

आता प्रवेशाकडे येऊ. ज्या पालकांचं शिक्षण महाराष्ट्रात झालं, त्यांच्या मनात वैद्यकीय प्रवेश म्हणजे एक परीक्षा, एक गुणवत्ता यादी, एक कट-ऑफ. पूर्वी बारावीचे गुण होते, मग सीईटी आली, आता नीट. अमेरिकेत अशी यादी लागत नाही. एमडी असो वा डीओ, एमकॅट ही परीक्षा तीच. तिचे चार भाग, प्रत्येकात ११८ ते १३२ गुण, एकूण ४७२ ते ५२८. चारपैकी एका भागात विज्ञान अजिबात नसतं. तत्त्वज्ञान, कला, समाज अशा विषयांवरचे उतारे वाचून प्रश्न सोडवायचे असतात आणि क्लासेसच्या जोरावर विज्ञानात पुढे गेलेली मुलं नेमकी तिथे अडकतात.

डीओ कॉलेजांत प्रत्यक्ष प्रवेश घेणाऱ्यांचे एमकॅटचे सरासरी गुण ५०३-५०४ च्या आसपास असतात आणि जीपीए, म्हणजे कॉलेजातल्या ग्रेडची सरासरी, ३.६ च्या जवळपास. एमडीकडे हे आकडे ५११-५१२ आणि ३.८ च्या घरात आहेत. फरक आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण सरासरी म्हणजे कट-ऑफ नव्हे. ५१२ गुण असूनही कुठूनच मुलाखतीचं बोलावणं न आलेली मुलं असतात आणि ५०२ वर प्रवेश मिळालेलीही. शिवाय ३.६ म्हणजे कॉलेजची सगळी वर्षं सातत्याने चांगले गुण. त्याला ‘सहज मिळतं’ म्हणणं हा त्या मुलांच्या कष्टांवर अन्याय आहे.

एक गैरसमज मात्र एकेकाळची वस्तुस्थिती होती, म्हणून तो अधिक फसवतो. पूर्वी डीओंच्या अर्जात एखादा विषय पुन्हा घेऊन चांगली ग्रेड मिळवली, तर जुनी ग्रेड हिशेबातून जायची. ही सवलत २०१७ मध्ये संपली. ऑरगॅनिक केमिस्ट्रीत आधी सी म्हणजे २.० मिळाला, विषय पुन्हा घेतल्यावर ए म्हणजे ४.० मिळाला, तर आता दोन्ही धरून त्या विषयाची सरासरी ३.० येते. पूर्वी ती ४.० धरली गेली असती. दहा वर्षांपूर्वी प्रवेश घेतलेला ओळखीचा डॉक्टर मनापासून जुनाच सल्ला देतो आणि मुलं जीपीए सुधारेल या आशेने एक सत्र खर्च करतात. विषय पुन्हा घेण्याचा उपयोग आहेच, कारण सुधारणा दिसते आणि एमकॅटला पाया पक्का होतो. फक्त जुनी ग्रेड पुसली जात नाही.

बायोलॉजीतच पदवी हवी, असंही नाही. संगीत, अर्थशास्त्र, संगणक, इतिहास, काहीही चालतं. लागतात ते ठरावीक विषय: बायोलॉजी, जनरल केमिस्ट्री, ऑरगॅनिक केमिस्ट्री आणि फिजिक्स, साधारण प्रत्येकी एक वर्ष आणि प्रयोगशाळेसह. त्याखेरीज इंग्रजी आणि बहुतेक ठिकाणी बायोकेमिस्ट्री. तपशील कॉलेजागणिक बदलतो. शाळेत असताना मिळवलेली एपी क्रेडिट्स काही कॉलेजं धरतात, काही धरत नाहीत. ऑनलाइन केलेल्या प्रयोगशाळेबाबतही तसंच. इंजिनिअरिंगच्या मुलांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी, की डीओच्या अर्जात विज्ञानाचा जीपीए वेगळा काढतात आणि त्यात गणित येत नाही. एमडीच्या अर्जात येतं. कॅल्क्युलसच्या ग्रेडवर भिस्त ठेवणाऱ्याला हा फरक महागात पडू शकतो.

अर्जही वेगळे. एमडीसाठी आमकास, डीओसाठी ॲकोमास. टेक्सासमध्ये तिसरीच व्यवस्था आहे. फोर्ट वर्थमधलं सरकारी डीओ कॉलेज टेक्सासच्या स्वतःच्या टीएमडीएसएएस या अर्जातून प्रवेश देतं. तिथल्या सरकारी वैद्यकीय कॉलेजांत किमान ९० टक्के जागा राज्यातल्या रहिवाशांसाठी असतात, त्यामुळे डॅलस-ह्यूस्टनकडच्या मराठी कुटुंबांनी तिकडे आधी पाहावं. एमडीचा निबंध जसाच्या तसा डीओच्या अर्जात टाकण्याचा मोहही अनेकांना होतो, कारण दोन्हीकडे मर्यादा ५,३०० अक्षरांचीच. पण डीओच कशासाठी, हे वाचणाऱ्याला त्या निबंधात सापडलं नाही तर पुढच्या टप्प्यावर आणि मुलाखतीत तो प्रश्न येणारच. डीओ डॉक्टरला काम करताना कधी पाहिलेलंच नसेल, तर त्याचं उत्तर मनापासून देता येत नाही. वर्षानुवर्षं पाठदुखीने बेजार झालेल्या रुग्णाला तपासताना डीओ हात कुठे ठेवतो, काय विचारतो, औषध कधी देतो आणि कधी देत नाही, हे काही दिवस जवळून पाहिलेली मुलगी दोन वाक्यांत पटेल असं उत्तर देते.

शिफारसपत्राबद्दलचा गैरसमज दोन्ही टोकांचा आहे. डीओ डॉक्टरचं पत्र प्रत्येक कॉलेजला सक्तीचं आहे असं एक टोक, त्याची काही गरजच नाही असं दुसरं. प्रत्यक्षात काही कॉलेजांना ते हवंच असतं, काहींना डॉक्टरचं पत्र हवं असतं पण तो एमडी असला तरी चालतो आणि बरीच कॉलेजं डीओचं पत्र असेल तर उत्तम असं सांगतात. विज्ञानाच्या प्राध्यापकांची पत्रं वेगळी. ओळखीचा डीओ नसेल तर गावातल्या दवाखान्यांत विचारावं. निम्म्याहून अधिक डीओ प्राथमिक आरोग्यसेवेच्या क्षेत्रात असल्याने ते सापडणं अवघड नसतं.

भारतातून येणारे प्रश्न वेगळे असतात. एमबीबीएस झालेल्यांना वाटतं, की डीओ हा अमेरिकेत शिरायचा छोटा रस्ता. तसा काही रस्ता नाही. भारतीय एमबीबीएस डॉक्टर परदेशी पदवीधरांसाठीचं ईसीएफएमजीचं प्रमाणपत्र आणि यूएसएमएलई यांच्या आधारे थेट रेसिडेन्सीसाठी अर्ज करतात. डीओ करायचं ठरवलं तर पहिल्या वर्षापासून बसावं लागेल. फिजिओथेरपीची पदवी घेतलेल्यांनाही कुठली सूट नाही. तेच सगळे विज्ञानाचे विषय, तीच एमकॅट आणि परदेशी गुणपत्रिकेचं मान्यताप्राप्त संस्थेकडून मूल्यमापन. बऱ्याच कॉलेजांना आवश्यक विषयांपैकी काही तरी अमेरिकेत किंवा कॅनडात शिकलेले हवे असतात.

सर्वांत जास्त मनाला लागते ती एच-४ या अवलंबितांच्या व्हिसावरच्या मुलांची गोष्ट. पाचव्या वर्षी आई-वडिलांबरोबर अमेरिकेत आलेला, तिथेच शाळा शिकलेला मुलगा ग्रीन कार्ड नसेल तर बऱ्याच कॉलेजांच्या लेखी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी ठरतो. एकविसाव्या वर्षी एच-४ संपतो आणि बहुतेकांना एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जावं लागतं. आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांना सगळी डीओ कॉलेजं घेत नाहीत, घेतात त्यांतली काही फीची तजवीज आधी दाखवायला सांगतात. सरकारी शिक्षणकर्ज मिळत नाही. नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांसाठीही १ जुलै २०२६ पासून नवा नियम लागू होतो: नव्याने कर्ज घेणाऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्याला केंद्र सरकारकडून वर्षाला ५० हजार आणि एकूण दोन लाख डॉलरपर्यंतच कर्ज. बहुतांश डीओ कॉलेजं खाजगी असल्याने ही मर्यादा अनेकांना जाचेल. अशा कुटुंबांनी कॉलेजांच्या यादीतला पहिला रकाना व्हिसाचा आणि दुसरा पैशांचा ठेवावा, गुणांचा त्यानंतर.

कॅरिबियन बेटांवरची कॉलेजं आणि डीओ कॉलेजं यांना एकाच पारड्यात टाकणं मात्र सरळ चूक आहे. डीओ कॉलेज अमेरिकेतलं, अमेरिकी मान्यतेचं. कॅरिबियन पदवीधराला परदेशी पदवीधर म्हणूनच रेसिडेन्सीच्या दारात उभं राहावं लागतं.

राहता राहिलं वेळापत्रक. ॲकोमासचा अर्ज मे महिन्याच्या सुरुवातीला खुला होतो आणि बहुतेक कॉलेजं अर्ज येतील तसे वाचून जागा भरत जातात. शेवटची तारीख पुढच्या वर्षात असली, तरी तोवर कितीतरी जागा गेलेल्या असतात. एमडीकडून उत्तर येईना म्हणून डिसेंबरमध्ये डीओकडे वळणारे नेमके इथे मागे पडतात. म्हणजे २०२७ च्या उन्हाळ्यात वर्गात बसायचं, तर २०२६ च्या वसंतात एमकॅट होऊन गेलेली, पत्रं मागितलेली आणि निबंध लिहून तयार असायला हवा. जागा मिळाल्यावर ती धरून ठेवायला अनामत रक्कम भरावी लागते. ती बहुधा परत मिळत नाही, त्यामुळे भरण्याआधी त्या कॉलेजचे नियम नीट वाचून घ्यावेत.