जुनी पिकअप रस्त्यावर आणताना

मालेगावात कापडाचा धंदा करणाऱ्या बहुतेक घरांच्या गोदामामागे एखादी बंद पडलेली गाडी असतेच. कोणाची मेटाडोर, कोणाची जीप, कोणाचा तीनचाकी टेम्पो. मालकाला विकवत नाही आणि दुरुस्तही करवत नाही. आमच्याकडे अशी एक महिंद्राची एफ.सी. १५० पिकअप होती. मॉडेल १९७० चे. मरहूम वालिद साहेबांनी ती १९८१ साली जुनीच विकत घेतली आणि मांगवाल्यांकडून कोऱ्या कापडाचे तागे आणण्यासाठी वीस-बावीस वर्षे वापरली. २००४ साली ती बंद पडली, ती पडूनच राहिली. २०२३ मध्ये गोदाम रिकामे करण्याची वेळ आली तेव्हा भंगारवाल्याने ४२ हजार सांगितले. मी दुरुस्त करायचे ठरवले. त्यात काय काय भोगले ते लिहितो. ज्या बांधवांच्या दारात अशी गाडी आहे त्यांच्या उपयोगी पडेल.

नव्या पिढीला ही गाडी माहीत नसेल. तिला नाक नसते. ड्रायव्हरची केबिन थेट इंजिनावर बसवलेली, त्यामुळे लांबी कमी आणि हौदा मोठा. मूळ अमेरिकेच्या विलिज कंपनीची रचना, नंतर महिंद्राने ती इथे बनवली. लहानपणी मी दोन सीटांच्या मधल्या इंजिनाच्या झाकणावर बसत असे. थंडीत बरे वाटायचे, मे महिन्यात चटके बसायचे. महिंद्रा कंपनीविषयी एक गोष्ट आपल्या वाचकांपैकी अनेकांना ठाऊक नसते. १९४५ साली ती सुरू झाली तेव्हा तिचे नाव ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ होते. त्यातील भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तेथे पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ साली कंपनीचे नाव बदलले. असो.

पहिली अडचण इंजिनाची नव्हती, कागदाची होती. गाडी वालिद साहेबांच्याच नावावर होती. ते २०१८ साली वारले. मालक वारल्यावर वारसाने आर.टी.ओ.ला कळवून तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरायचा असतो. आम्ही पाच वर्षे काहीच केले नव्हते. घर, दुकान, रोकड, येणे-देणे या सर्वांची वाटणी झाली, पण पिकअप कोणी मोजलीच नाही. आता नाव बदलायचे तर मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची ना-हरकत लागणार. आम्ही दोघे भाऊ, दोन बहिणी. आई आधीच वारलेली. म्हणजे शरीअतप्रमाणे सहा वाटे. भावांना दोन-दोन, बहिणींना एक-एक.

मी हिशेब केला. ४२ हजारांचे सहा भाग म्हणजे वाटा सात हजारांचा. बहिणींना सात-सात हजार आणि भावाला चौदा हजार देऊन सह्या घेऊ. कागद घेऊन मोठ्या आपाकडे गेलो. तिने चहा दिला, कागद वाचला आणि विचारले, “गाडी भंगारात घालणार आहेस का?” मी म्हटले, नाही, दुरुस्त करणार. “मग भाव भंगाराचा का लावलास?”

मी तीस वर्षे माल विकतो आहे, पण या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते. पुण्याच्या एका जुन्या गाड्यांच्या शौकीनाने ती आहे त्या स्थितीत दीड लाखाला मागितली होती, हे मला माहीत होते आणि आपाला माहीत नव्हते. घरी आलो. रात्रभर चैन पडले नाही. ओल्या धान्यावर कोरडे धान्य पसरून विकणाऱ्याला जी ताकीद दिली गेली ती आपण सर्वांनी मदरशात ऐकलेली आहे. मी तेच करत होतो, फक्त गिऱ्हाइकाच्या जागी बहीण होती. दुसऱ्या दिवशी दीड लाखाच्या मागणीची गोष्ट चौघांसमोर ठेवली. वाटा पंचवीस हजारांचा झाला. बहिणींना पंचवीस-पंचवीस, भावाला पन्नास हजार देऊन रीतसर लिखापढी केली. म्हणजे दुरुस्तीचा एक बोल्टही न खोलता माझे एक लाख रुपये गेले होते.

आता कामाकडे येतो. आमचे उस्ताद सत्तरीच्या पुढचे आहेत. पेट्रोल जीपचे इंजिन आवाजावरून ओळखणारे असे मिस्त्री आता मालेगावात बोटावर मोजण्याइतके उरले. त्यांच्या मुलाने मोबाइल रिपेअरिंगचे दुकान टाकले आहे. मजुरीचे बोलणे झाले तेव्हा मी ठोक रक्कम विचारली. ते म्हणाले, “शेठ, वीस वर्षे बंद गाडीचा ठेका म्हणजे बंद गाठीचा सौदा. आत काय निघेल ते तुम्हालाही माहीत नाही, मलाही नाही.” कापडवाल्याला हे लगेच पटते. अंदाज नसलेल्या कामाचा ठेका घेतला की एकाचे नुकसान ठरलेले, आणि मग भांडण. आम्ही रोजी ठरवली, सुटे भाग बिलाप्रमाणे आणि आठवड्याचा हिशेब जुमेरातला चुकता. सात महिने काम चालले, एकदाही वाद झाला नाही.

बंद इंजिनाला थेट सेल मारायचा नाही, हा त्यांचा पहिला नियम. आत गंज धरलेला असतो. जबरदस्तीने फिरवले की रिंगा तुटतात, सिलिंडरला चरे पडतात. त्यांनी चारही प्लग काढले, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे डिझेल आणि इंजिन ऑइल मिसळून ओतले आणि चार दिवस सोडून दिले. नंतर हँडल लावून हाताने हळूहळू, पुढे-मागे. पाचव्या दिवशी इंजिन एक पूर्ण फेरा फिरले. तेव्हा त्यांनी हँडल खाली ठेवून विडी पेटवली.

हे २.२ लिटरचे पेट्रोल इंजिन जरा निराळे आहे. त्याचे इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एग्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये असतात. त्यामुळे हेड उतरवून काम संपत नाही, बाजूचे झाकण काढून खालचे व्हॉल्व्हही बघावे लागतात. आमचे दोन एग्झॉस्ट व्हॉल्व्ह अडकलेले निघाले. एअर फिल्टरमध्ये उंदरांनी घर केले होते आणि ते आमच्याच दुकानाच्या कतरणीने. रिंगा, बेअरिंग, सील बदलले, व्हॉल्व्ह सीटला घासून बसवले. हेच इंजिन महिंद्राच्या पेट्रोल जीपला अनेक वर्षे येत असल्याने त्याचे भाग अजून मिळतात. काही कुर्ल्यात मिळाले, काही पुण्याच्या नाना पेठेत. केबिनचे रबर आणि दरवाजाचे हँडल मात्र कुठेही मिळाले नाही. हँडल खरादवाल्याने पितळेचे करून दिले, मुळापेक्षा मजबूत.

अनेकांनी सल्ला दिला की पेट्रोल इंजिन काढून डिझेल टाका, खर्च वाचेल. मोह झाला. पण इंजिन बदलले की आर.टी.ओ.ची परवानगी आणि आर.सी. बुकात नोंद लागते. अशा कितीतरी गाड्या मी पाहिल्या आहेत ज्यांचा इंजिन नंबर एक आणि बुकातला दुसरा. त्या चालतात उत्तम, पण पासिंगच्या दारातून परत येतात. आम्ही मूळ इंजिनच ठेवले.

पेट्रोलविषयी एक खबरदारी. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. १९७० च्या गाडीचे रबर पाइप आणि पेट्रोल पंपाचा पडदा त्यासाठी बनलेले नव्हते. ते फुगतात, मऊ पडतात आणि गळू लागतात. या गाडीत तर इंजिन ड्रायव्हरच्या मांडीशी आहे, म्हणजे गळती झाली तर आग केबिनमध्येच. आम्ही इथेनॉल सोसणारे पाइप आणि नवा पडदा टाकला. शिवाय हे पेट्रोल हवेतले पाणी ओढून घेते. म्हणून महिना-दोन महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत टाकीभर पेट्रोल सोडू नये.

नवीन कॉइल, कंडेन्सर, पॉइंट टाकले. प्लगच्या वायरी एक-तीन-चार-दोन या क्रमाने लावल्या आणि जानेवारी २०२४ मध्ये एका सकाळी तिसऱ्या सेलला इंजिन लागले. धूर इतका झाला की शेजारचा मांगवाला पाण्याची बादली घेऊन धावत आला.

येथे माझ्याकडून चूक झाली. उस्ताद म्हणाले की इंजिन चालू झाले, गाडी नाही. ब्रेकचे काम व्हायचे आहे, हात लावू नका. ते जुमाच्या नमाजला गेले आणि मी, पन्नाशी उलटलेला माणूस, लहान मुलासारखा गाडीत बसलो. पहिल्या गिअरमध्ये अंगणात फिरवली. पेडल दाबले, गाडी थांबली. पुन्हा दाबले, थांबली. तिसऱ्या वेळी पेडल फळीपर्यंत गेले. या गाडीच्या चारही चाकांच्या ब्रेकला तेलाची एकच लाइन असते. आजच्या गाड्यांसारखे दोन भाग नाहीत. एका चाकाचा सिलिंडर फुटला की चारही गेले. हँडब्रेक ओढला. तो चाकांवर नसून मागे जाणाऱ्या शाफ्टवरच्या ड्रमवर असतो आणि तिथले ऑइल सील गळून लायनर तेलाने भिजलेले होते. गाडी जाऊन कोऱ्या कापडाच्या गाठींवर आदळली. काही क्षणांपूर्वी उस्तादांचा पंधरा वर्षांचा शागिर्द त्याच गाठींवर बसून डबा खात होता. पाणी घ्यायला उठला म्हणून वाचला. मला घाम फुटला. उस्ताद परत आल्यावर काही बोलले नाहीत. फक्त चावी काढून स्वतःच्या खिशात टाकली आणि ती पुढचे अडीच महिने तिथेच राहिली.

त्यानंतर ब्रेकमध्ये एक पैसाही वाचवला नाही. मास्टर सिलिंडर नवा, चारही चाकांचे सिलिंडर नवे, रबरी होज नवे, लोखंडी पाइप नवे, लायनर नवे, ड्रम खरादवर साफ. जुने वॉशर धुऊन पुन्हा टाकणारे मिस्त्री असतात, त्यांना तसे करू देऊ नका. ब्रेकमध्ये ब्रेक ऑइलच घाला, इंजिनाचे तेल घातले तर रबर फुगून ब्रेक जाम होतो. टायरचे तेच. आमच्या टायरची नक्षी शाबूत होती, पण बाजूला भेगा होत्या. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे. जुना टायर ‘कोरा’ म्हणून विकणाऱ्याकडे आधी ते आकडे वाचा.

वायरिंगवर सुती वेष्टण होते, हात लावताच भुगा झाला. सर्व नवे केले आणि फ्यूज बसवले. हौद्याची ताडपत्री आमच्याच गल्लीतल्या शिंप्याने जाड कॅनव्हासवर मेण चढवून शिवली. त्याचे काम इतके सुबक झाले की त्याला नंतर दोन टेम्पोंची ऑर्डर मिळाली.

पुन्हा कागद. २०२१ साली केंद्राने ५० वर्षांवरील विंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आणि ‘व्ही.ए.’ अक्षरांची नंबर मालिका काढली. पण तो रस्ता खासगी, धंद्यात नसलेल्या गाड्यांसाठी आहे. प्रदर्शन, रॅली अशा कामापलीकडे ती रोज चालवता येत नाही. आमची मालवाहू, म्हणून फिटनेसचाच मार्ग. गाडीचे एकूण वजन भारासह ३,००० किलोच्या आत असल्याने परमिट लागत नाही. पण जुने बुक हाताने लिहिलेले, ते आधी संगणकावर चढवावे लागले. आणि मोठा फटका कराचा. २००४ साली गाडी उभी केली तेव्हा ‘वापरात नाही’ अशी आगाऊ सूचना देऊन ठेवायला हवी होती. ती आम्ही दिली नाही. कर चढत राहिला आणि तो व्याजासह भरावा लागला. बँकेचे व्याज नको म्हणून नवी गाडी कर्जावर न घेणारा मी, इथे आळसापोटी व्याज भरून आलो. ज्यांची गाडी आज उभी आहे त्यांनी हे काम याच आठवड्यात करावे. १५ वर्षांवरील मालवाहू गाडीची फिटनेस फी २०२२ पासून बरीच वाढली आहे, तीही हिशेबात धरावी. शिवाय पर्यावरण कर, थर्ड पार्टी विमा, पी.यू.सी., हाय सिक्युरिटी नंबर प्लेट आणि परावर्तक पट्ट्या. पी.यू.सी.ला पहिल्या वेळी नापास झालो. जुन्या पेट्रोल गाडीला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांपर्यंत चालतो, आमचा पाचच्या वर गेला. उस्तादांनी कार्बोरेटरचा स्क्रू पाव फेरा फिरवला आणि पास झाली.

दुरुस्तीचा खर्च माझ्या वहीप्रमाणे एक लाख ८७ हजार. वारसांचे एक लाख वेगळे, कर वेगळा. गाडी लिटरला सात-आठ किलोमीटर देते. ज्याला रोज भाडे कमवायचे आहे त्याने हा उद्योग करू नये, त्यापेक्षा चांगली चालती सेकंडहँड डिझेल पिकअप रोखीने बघावी. मी तिला गोदाम ते प्रोसेस हाऊस एवढ्याच अंतरावर, अर्ध्या भाराने चालवतो. मनमाडचा घाट नाही, हायवे नाही.

पुण्याच्या त्या गृहस्थांचा मागच्या महिन्यात पुन्हा फोन आला. आता साडेचार लाख म्हणतात. मी आपाला सांगितले. ती म्हणाली की आमचा हिस्सा पोचला, आता तुझे तू बघ. उस्तादांना विचारले तर म्हणाले, विकायची तर विका, पण पुढच्या डाव्या चाकाचे किंगपिन थोडे ढिले आहे, ते घेणाऱ्याला आधी सांगा.